घरच्या व्यायामासाठी वजनं घेताय? खान्देशात कमी पैशांत खरं वजन कसं जमवावं

व्यायामाचं लोखंड घेताना तुम्ही पैसे मोजता ते वजनाचे. रंग उडतो, छापलेलं नाव पुसट होतं, पण दहा किलोचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वीस वर्षांनीही दहा किलोच भरतं. जुनी गाडी किंवा जुना मोबाईल घेताना आत काय बिघडलं असेल ही भीती असते. प्लेटेच्या आत बिघडण्यासारखं काही नसतंच. पहिल्यांदा वजनं घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी त्याचे निम्मे पैसे वाचतील.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुलंमुली भरपूर. त्यातली कित्येक गावाहून तालुक्याला रोज जिमला जाऊ शकत नाहीत. शेतातून संध्याकाळी उशिरा येणारे, दुकान सांभाळणारे, घरातून बाहेर पडायला वेळच न मिळणाऱ्या बायका, या सगळ्यांसाठी घरातला एक कोपरा आणि थोडं लोखंड पुष्कळ झालं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी कागदावर यादी करा

बहुतेक जण आधी दुकानात जातात आणि मग तिथे जे असेल ते घेऊन येतात. त्यातून चार वेगवेगळ्या प्लेटा घरात जमतात आणि त्यांची एकमेकींशी जोडी लागत नाही. म्हणून आधी कागद घ्या आणि नेमकं काय हवं ते लिहा.

नवशिक्या तरुणासाठी मी हा संच सुचवतो: सव्वा किलोच्या ४ प्लेटा, अडीच किलोच्या ४, पाच किलोच्या ४. बेरीज ३५ किलो. सोबत १४ इंची डंबेल रॉड दोन, पाच फुटी सरळ रॉड एक, आणि प्लेटा सरकू नयेत म्हणून प्रत्येक रॉडला दोन लॉक.

हेच आकडे का, ते सांगतो. एका डंबेलला दोन्ही बाजूंनी सारखी प्लेट लागते, म्हणजे सव्वाच्या जोडीचे अडीच किलो, अडीचच्या जोडीचे पाच, पाचच्या जोडीचे दहा. या तीन जोड्या उलटसुलट लावल्या की प्रत्येक डंबेलवर २.५, ५, ७.५, १०, १२.५, १५ आणि १७.५ किलो असे सात टप्पे मिळतात, मध्ये एकही खड्डा न पडता. रॉडचे दीड-दोन किलो वेगळे. त्याच बारा प्लेटा लांब रॉडवर चढवल्या की अडीच-अडीच किलोंनी वाढवत ३५ पर्यंत जाता येतं. इतक्या कमी तुकड्यांत इतके टप्पे देणारी दुसरी मांडणी मला तरी माहीत नाही. दोन दहाच्या आणि दोन पंधराच्या प्लेटा घेऊन बसलात, तर किलो जास्त दिसतील, पण खांद्याचा व्यायाम करायला हलकं काहीच नसेल.

व्यायामाला नव्याने लागलेल्या बाईसाठी किंवा साठीतल्या माणसासाठी सव्वाच्या चार आणि अडीचच्या चार, एवढ्या १५ किलोंनी सुरुवात पुरेशी आहे. पाचच्या प्लेटा नंतर आणता येतात.

पायांना मात्र ३५ किलो लवकरच कमी पडतात. बैठकांना जोर येऊ लागला की दोन-तीन महिन्यांत ते कळतं. त्यासाठी नवीन लोखंड घेऊ नका. रेतीची गोणी हा त्यावरचा उपाय, तो पुढे सांगितला आहे.

भोकाचं माप एकच ठेवा

नवख्यांचे सर्वांत जास्त पैसे इथे बुडतात. आपल्याकडे घरगुती प्लेटांचं भोक साधारण २८ ते ३० मिलिमीटरचं असतं आणि ते २५ किंवा २८ मिलिमीटरच्या रॉडवर बसतं. मोठ्या जिममध्ये आणि स्पर्धेत वापरतात त्या ऑलिम्पिक प्लेटांचं भोक ५० मिलिमीटरचं, म्हणजे दोन इंची. तो पुरुषांचा ऑलिम्पिक रॉड नुसताच २० किलोचा असतो, बायकांचा १५ किलोचा. दोन्ही प्रकार आपापल्या जागी चांगले. पण घरात दोन्ही आले की अर्धी वजनं कायम भिंतीला टेकून राहतात.

स्वस्तात जमवायचं असेल तर लहान भोकाचीच वाट धरा. जुना माल त्यातच जास्त मिळतो, रॉड स्वस्त पडतो आणि गावातल्या लेथवरही तो करून मिळतो. मोठ्या भोकाच्या प्लेटा कोणी फुकटाच्या भावात देत असेल तरच विचार करा.

खरेदीला निघताना स्वतःचा रॉड, निदान डंबेलचा रॉड, पिशवीत घ्या. प्रत्येक प्लेट तिथेच चढवून पाहा. काही जुन्या प्लेटांचं भोक लहान असतं, काहींच्या भोकात रंगाचा थर किंवा ओतकामाची खर राहिलेली असते. खर असेल तर कानशीने निघते. भोकच लहान असेल तर लेथवर वाढवून घ्यावं लागेल, तो खर्च भावात धरा. भोक फार सैल असेल तर प्लेट रॉडवर डुगडुगते. चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फट असली तर मी ती प्लेट सोडून देतो.

बीड, रबर की पीव्हीसी

सगळ्यांत स्वस्त दिसतात त्या पीव्हीसीच्या प्लेटा, ज्यांच्या प्लास्टिकच्या कवचात सिमेंट किंवा तसाच भरणा असतो. नवीन घ्यायच्या झाल्या तर सुरुवातीला त्या चालतात, जमिनीवर आवाजही कमी करतात. त्यांची अडचण जाडीची आहे. बिडाची घनता साधारण ७.२, काँक्रीटची २.४. म्हणजे तेवढ्याच किलोंना सिमेंटची प्लेट तिप्पट जागा खाते. १४ इंची डंबेल रॉडवर बिडाच्या तीन प्लेटा एका बाजूला आरामात बसतात. पीव्हीसीच्या तीन चढवायला गेलात तर लॉकला जागाच उरत नाही. दुसरी गोष्ट आपल्या हवेची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात पडलेलं प्लास्टिकचं कवच तडकतं, मग सांध्यातून भुगा गळायला लागतो आणि एक प्लेट दुसरीपेक्षा हलकी होते.

रबर चढवलेल्या प्लेटा वापरायला छान, फरशीला सौम्य आणि महाग. घरात लहान मूल असेल किंवा वरच्या मजल्यावर राहत असाल तर त्या जास्तीच्या पैशांना अर्थ आहे.

माझं मत विचाराल तर साध्या बिडाच्या प्लेटा घ्या. बीड ठिसूळ असतं, आपटलं तर तडकू शकतं, एवढाच त्याचा दोष. प्लेट बोटावर टांगून दुसऱ्या लोखंडाने हलकेच टकटक करा. धड प्लेट खणखणीत वाजते, तडा गेलेली बद्द आवाज देते. जाड ताज्या रंगाखाली लांबी (पुट्टी) भरून तडा झाकलेला असू शकतो, म्हणून नुकत्याच रंगवलेल्या जुन्या प्लेटेची टकटक चुकवू नका. तडा वेल्डिंगने सांधलेली प्लेट घेऊच नका.

भाव किलोवर आणा

सेटच्या किमती एकमेकींशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो, कारण प्रत्येक सेटमध्ये काहीतरी वेगळं घातलेलं असतं: हातमोजे, दोरी, पट्टा, पाणी प्यायची बाटली. ते सगळं बाजूला ठेवा आणि रुपये भागिले किलो करा.

हिशेबापुरतं उदाहरण घेऊ. समजा २० किलोचा पीव्हीसी सेट २,००० रुपयांना आहे. वर पाहता किलोला शंभर. पण काट्यावर प्लेटा १८ किलोच भरल्या, तर किलोला १११ रुपये पडले. दुसरीकडे एक जण जुन्या बिडाच्या ३५ किलो प्लेटा ३,१५० ला देतो, म्हणजे किलोला ९०. पहिला सेट खिशाला हलका वाटतो, पण वजन महाग पडतं आणि सहा महिन्यांत पुन्हा खरेदी करावी लागते. तुमच्या गावातला आजचा भाव तुम्हीच दोन-तीन ठिकाणी विचारून लिहून ठेवा. एकदा तो आकडा हाताशी आला की फोनवर, दुकानात, भंगारवाल्याकडे, कुठेही तुम्हाला अर्ध्या मिनिटात कळतं की सौदा बरा आहे की नाही.

दोन प्रश्न आठवणीने विचारा: जीएसटी धरून भाव आहे का, आणि घरपोच करणार असाल तर हमाली-भाडं कोणाचं? देशातल्या खेळसाहित्याचा बराचसा माल मेरठ आणि जालंधर या दोन शहरांतून येतो. तिथून खान्देशापर्यंत लोखंड वाहून आणायचं भाडं कुठेतरी किमतीत बसलेलंच असतं. तुमच्याच गल्लीत कोणाच्या तरी पलंगाखाली पडलेल्या प्लेटेला ते भाडं नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर वर्णनात कोणत्या प्लेटा किती, हे सुटं लिहिलेलं आहे का बघा. ‘एकूण २० किलो’ एवढंच असेल तर थांबा. खोकं आल्यावर उघडताना फोटो काढा, त्याच दिवशी तोला. इतकं जड खोकं परत पाठवणं कटकटीचं असतं, म्हणून तक्रार मुदतीतच करा.

जुना माल कुठे शोधायचा

पहिली जागा म्हणजे व्यायाम सोडून दिलेली माणसं. भरतीची शारीरिक चाचणी संपली, निकाल लागला, की कितीतरी घरांत डंबेल तसेच पडून राहतात. जळगावला विद्यापीठ आणि कॉलेजांमुळे खोल्या करून राहणारी मुलं भरपूर. परीक्षा संपल्यावर गावी जाताना त्यांना लोखंड उचलून न्यायचं नसतं. दिवाळीनंतरच्या थंडीत सगळ्यांनाच व्यायामाचा हुरूप असतो, तेव्हा जुन्यालाही भाव चढतो. मार्च ते जून हा घेणाऱ्याचा काळ. गावाच्या आणि समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘जुनी वजनं कोणाला द्यायची आहेत का’ एवढं एक वाक्य टाका, उत्तरं येतात.

दुसरी जागा बंद पडणारी जिम. चालक जागा लवकर रिकामी करण्याच्या घाईत असतो. तिथे पंधरा-वीसच्या मोठ्या प्लेटांना गिऱ्हाईक भराभर मिळतं, सव्वा-अडीचच्या लहान प्लेटा कोपऱ्यात राहतात. तुम्हाला नेमक्या त्याच हव्या आहेत. अशा ठिकाणी पौंडांच्या प्लेटाही मिसळलेल्या असतात, त्याकडे लक्ष ठेवा. १ किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड. प्लेटवर १० लिहिलेलं आहे आणि ती पौंडांची आहे, तर हातात पडतात साडेचार किलो. पौंडांची प्लेट वाईट नसते. फक्त पैसे किलोचे द्या आणि जोडीला तशीच दुसरी घ्या.

तिसरी जागा भंगार बाजार आणि एमआयडीसीच्या आजूबाजूचे व्यापारी. इथे प्लेटा क्वचित मिळतात, पण बिडाच्या पुल्या मिळतात. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनांच्या, पिठाच्या गिरण्यांच्या, जिनिंगच्या यंत्रांच्या. मधलं भोक लेथवर ३० मिलिमीटरचं करून घेतलं की झाली प्लेट. एकाच मापाच्या दोन शोधाव्या लागतात. “भाऊ, याना काय भाव शे?” असं विचारून सुरुवात करा आणि सांगा की व्यायामासाठी हवंय. बहुतेक जण ढिगातून जोडी शोधायला मदत करतात.

जुन्या किराणा दुकानांत आणि आडतीवर आणखी एक खजिना पडून असतो: बिडाची मापाची वजनं. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून ५, १०, २० किलोची ती वजनं कोनाड्यात गेली. कडी असलेलं २० किलोचं वजन हातात धरून चालण्यासाठी, छातीशी धरून बैठका मारण्यासाठी उत्तम. वैधमापनाचा शिक्का असलेलं पाच किलोचं वजन मिळालं तर ते दुहेरी कामाचं: दुसऱ्याचा काटा बरोबर आहे का, हेही त्यानेच तपासता येतं.

भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाजवळ राहणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. रुळाचा तुकडा, फिशप्लेट, जाड बोल्ट असं काही स्वस्तात देतो म्हणून कोणी आलं तर हात लावू नका. आपल्या रुळांचं वजन मीटरला ५२ किंवा ६० किलो, म्हणजे फूटभर तुकडा सोळा-अठरा किलोंचा, त्यामुळे मोह होतो. पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाच्या नावावर असा गुन्हा लागला तर त्याची सगळी मेहनत वाया जाईल. गटाराची झाकणं, सरकारी पंपाचे भाग, त्यांचंही तेच. भंगारातून काहीही घ्या, साध्या कागदावर का होईना पावती घ्या.

काट्यावर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका

प्लेटवर छापलेला आकडा ही फक्त सूचना असते. स्वस्त ओतकामात पाचच्या दोन प्लेटा एकमेकींपासून पाव-अर्धा किलोने वेगळ्या निघू शकतात. एकूण वजन थोडं कमी भरलं तर भाव कमी करून घेता येतो. जोडीतला फरक मात्र रोज खांद्याला जाणवतो. म्हणून प्रत्येक प्लेट सुटी तोला, खडूने मागे खरा आकडा लिहा आणि जवळच्या आकड्यांच्या जोड्या लावा. दुकानदाराकडे पाचच्या दहा प्लेटा असतील तर त्यातून सारख्या चार निवडायचा हक्क तुमचा आहे, संकोच करू नका.

काटा कुठेही मिळतो. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरेसा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल भागात केळीच्या व्यापाऱ्यांचे काटे आहेत, कापसाच्या हंगामात गावोगाव खरेदीचे काटे लागतात; कोणी नाही म्हणत नाही. ट्रकच्या धर्मकाट्यावर मात्र जाऊ नका, तिथला आकडा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने बदलतो. घरी माणसाचं वजन करायचा काटा असेल तर आधी नुसते उभे राहा, मग प्लेट छातीशी धरून, आणि वजाबाकी करा. अदमास येतो.

रॉड पोकळ आहे का, ते गणिताने ओळखा

प्लेटेत फसवणूक झाली तर पैसे जातात, रॉडमध्ये झाली तर माणूस जखमी होतो. म्हणून इथे हात आखडू नका.

भरीव गोल सळईचं वजन काढायचं सूत्र प्रत्येक वेल्डिंगवाल्याला पाठ असतं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते. २८ मिलिमीटरच्या रॉडला २८ गुणिले २८ म्हणजे ७८४, भागिले १६२, मीटरला ४.८४ किलो. पाच फूट म्हणजे १.५२ मीटर, तर रॉड सुमारे ७.४ किलो भरायला हवा. २५ मिलिमीटरचा असेल तर सुमारे ५.९ किलो. दुकानातला चकचकीत पाच फुटी रॉड काट्यावर तीन-चार किलोच दाखवत असेल तर तो नळी आहे, आणि ३५ किलो चढवून झटका दिला की वाकणार. बाहेरची चमक पाहून हे कळत नाही. काटा लगेच सांगतो.

पाऊण इंची पाण्याच्या जीआय पाईपचा बाहेरचा व्यास सुमारे २७ मिलिमीटर असतो आणि प्लेटा त्यावर छान बसतात, त्यामुळे अनेक जण तोच वापरतात. वीस किलोपर्यंत, सावकाश, ठीक. त्यापुढे नको. बांधकामाची पिळाची सळई हात सोलते, आणि तिच्या उंचवट्यांवर प्लेट आणि लॉक दोन्ही अडतात.

चांगला मार्ग म्हणजे २८ मिलिमीटरचा भरीव गुळगुळीत बार स्टीलच्या दुकानातून पाच फूट कापून घ्यायचा आणि लेथवाल्याकडून टोकं गोल करून, प्लेटा थांबण्यासाठी दोन कड्या वेल्ड करून घ्यायच्या. दोन्ही टोकांपासून कड्यांचं अंतर टेपने मोजून सारखं आहे का पाहा. हाताच्या जागी बारीक रेघा पाडून मिळाल्या तर पकड सुटत नाही. नाहीतर उन्हाळ्यात घामाने सरकते, तेव्हा सुती कापडी पट्टी गुंडाळा. स्प्रिंगचे लॉक हलक्या वजनाला चालतात. डंबेलला मात्र आट्याचे नट असलेला रॉडच घ्या, कारण डंबेल उभं-आडवं होतं आणि स्प्रिंग सरकली तर प्लेट थेट पायावर येते.

वर्कशॉपमध्ये प्लेटाही करून मिळतात

जुना माल सापडलाच नाही तर माइल्ड स्टीलच्या जाड पत्र्यातून गोल कापून घेता येतात. स्टीलची घनता ७.८५. पत्रा २० मिलिमीटर जाडीचा असेल तर २८.६ सेंटीमीटर व्यासाची, मधे ३० मिलिमीटर भोक असलेली प्लेट जवळजवळ बरोबर १० किलो भरते. १६ मिलिमीटर पत्र्यातून २२.७ सेंटीमीटर व्यासाची काढली तर ५ किलो. हे आकडे लिहून न्या, वर्कशॉपवाला खूश होतो. गॅसने कापलेली कड धारदार राहते. ती ग्राइंडरने मारून घेतल्याशिवाय प्लेट घरी आणू नका. एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे मोठ्या कामातून उरलेले तुकडे पडलेले असतात. त्यातून काढून देणार असेल तर भाव बराच खाली येतो, नवीन पत्रा आणायचा झाला तर तयार प्लेटच परवडते.

घरीच करायची वजनं

रेतीची गोणी सगळ्यांत सोपी आणि पायांसाठी सगळ्यांत उपयोगी. रेती धुऊन वाळवा, पाच-पाच किलोंच्या जाड प्लास्टिक पिशव्यांत भरा, प्रत्येक पिशवी दुहेरी करून बांधा. मग त्या सरकी पेंडीच्या किंवा खताच्या स्वच्छ धुतलेल्या गोणीत ठेवा. चार पिशव्या घातल्या की २० किलो, आठ घातल्या की ४०. खांद्यावर घेऊन बैठका, छातीशी धरून चालणं, जमिनीवरून उचलणं, सगळं होतं. खताची गोणी आतून-बाहेरून नीट धुवा, नाहीतर घामाबरोबर अंगाला खाज सुटते.

पाण्याचा २० लिटरचा जार म्हणजे २० किलो पाणी. मोजमापाची शंकाच नाही, आणि पाणी कमी-जास्त करून वजन बदलता येतं.

सिमेंटच्या प्लेटा करायच्या तर एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, तीन भाग बारीक खडी. साचा म्हणून २५ सेंटीमीटर व्यासाचं पसरट टोपलं घ्या, मधे रॉड सैल जाईल असा पाईपचा तुकडा उभा करा, आत कोंबड्यांच्या जाळीचा गोल घाला. सव्वाचार सेंटीमीटर जाडी भरली की सुमारे पाच किलो होतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात सिमेंट पाण्याअभावी भुसभुशीत होतं, म्हणून सावलीत ठेवून, ओलं गोणपाट टाकून निदान आठ-दहा दिवस पाणी मारत राहा. या प्लेटा आपटायच्या नाहीत.

पोलीस भरतीवाल्यांकडे गोळा असतोच: मुलांचा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. फेकण्यापलीकडे तो दोन्ही हातांनी छातीशी धरून बैठकांना वापरा. गावातला सुतार बाभळीच्या लाकडाची मुद्गलाची जोडी करून देत असेल तर जरूर घ्या. खांद्यांसाठी तीन-चार किलोची जोडी सुरुवातीला पुरते.

कुठे ठेवायचं

आरसीसी स्लॅबच्या घरात हे पन्नासेक किलो ठेवायला अडचण नाही, कारण राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरून आखतात. प्रश्न आपटण्याचा असतो, त्याने फरशी फुटते. धाब्याच्या घरात मात्र माळवदावर काहीही नेऊ नका. तिथला व्यायाम अंगणात किंवा ओसरीतच.

जमिनीवर घालायला जळगावची प्लास्टिकची चटई पुरत नाही, ती पायाखालून सरकते. गुरांच्या गोठ्यात घालतात ती जाड रबरी मॅट डेअरीच्या सामानाच्या दुकानात मिळते. व्यायामाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मॅटपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त आणि जास्त टिकाऊ. नवीन असताना वास येतो, चार दिवस सावलीत पसरून ठेवा.

उन्हाळ्यात लोखंड उन्हात ठेवू नका. दुपारनंतर गच्चीवरचा रॉड तळहाताला चटका देतो. पावसाळ्यात गंज चढतो तो आधी रॉडवर आणि प्लेटेच्या भोकात. जुनी प्लेट आणली की तारेच्या ब्रशने घासा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या, वाळल्यावर काळा ऑइल पेंट. छापलेलं वजन झाकलं गेलं तर पांढऱ्या रंगाने काट्यावरचा खरा आकडा लिहा. रॉडला रंग देऊ नका, महिन्यातून एकदा मशीन ऑइलचं फडकं फिरवा आणि कोरड्या कापडाने पुसून घ्या.

उचलायला लागण्यापूर्वी

एकटे असताना बाकावर झोपून छातीवर रॉड घेऊ नका. जमिनीवर झोपून डंबेलने तोच व्यायाम करा. अडकलात तर हात बाजूला टेकतात, गळ्यावर काही येत नाही. बाकासाठी पैसे पहिल्या वर्षी घालवायची गरजच नाही. पाच फुटी रॉड फिरवायला दोन्ही बाजूंनी हातभर जागा मोकळी आहे का पाहा, आणि व्यायामाच्या वेळी लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. रक्तदाब, हृदय किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गावात जुनी तालीम असेल तर आठवडाभर तिथल्या वस्तादांकडे जाऊन पाठ सरळ ठेवून वजन कसं उचलायचं ते बघून घ्या. सांगणारा माणूस समोर असला की चुका पहिल्याच दिवशी सुधारतात.

सगळ्या ३५ किलोंनी लांब रॉडवर दहा-बारा वेळा सहज उचलणं होऊ लागलं, की दहाच्या दोन प्लेटा आणा, म्हणजे ५५ होतील. भोक आधीच्याच मापाचं, जोडी काट्यावर सारखी भरलेली, आणि रॉड भरीव असल्याची आधी खात्री करून.